गळते माळवद कोणाचे?

सोलापूरच्या जुन्या वस्तीत आमचा एक वाडा आहे. वाडा म्हटल्यावर पेशवाई आठवण्याचे कारण नाही. जाड मातीच्या भिंती, वर माळवद, मध्ये अरुंद अंगण, अंगणात एक नळ आणि त्या नळाभोवती आठ बिऱ्हाडे, एवढाच त्याचा पसारा. माझ्या आजोबांनी गिरणीत जॉबर असताना पै-पै जमवून तो घेतला आणि पन्नासच्या दशकात एकेक खोली भाड्याने दिली. भाडेकरू बहुतेक गिरणीतलेच. कोणी पद्मशाली, कोणी लिंगायत, दोन घरे आमच्यातली. आजोबांच्या मागे अब्बा मालक झाले आणि १९९६ साली अब्बांचा इंतकाल झाल्यावर मी. मी मालक झालो म्हणजे काय झाले, तर माध्यमिक शाळेतल्या पगारातून घरपट्टी भरणारा आणखी एक माणूस तयार झाला.

ज्यांनी माळवदाचे घर पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. खाली लाकडी तुळया, त्यांवर आडव्या कड्या, कड्यांवर किलचा, त्यावर पाला आणि सगळ्यांत वर मातीचा जाड थर. त्यातला वरचा हात पांढऱ्या मातीचा. ही माती चोपून बसवली की पाणी आत शिरू देत नाही. पण पावसाने ती दर वर्षी थोडी वाहून जाते, उन्हाने भेगाळते, उंदीर बिळे करतात, गवत उगवते आणि त्याची मुळे खाली घुसतात. म्हणून मृगाच्या आधी माळवदावर नवी माती पडलीच पाहिजे. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चव्वेचाळीसला टेकतो तेव्हा हे छप्पर खालच्या माणसाला जो गारवा देते तो स्लॅबला देता येत नाही. मात्र त्यासाठी दर वर्षी कोणीतरी वर चढावे लागते. एखादे वर्ष चुकले तर निभते. दोन वर्षे चुकली की पाणी तुळईपर्यंत पोचते.

अब्बा कधी चुकले नाहीत. मेच्या शेवटच्या आठवड्यात पांढऱ्या मातीच्या गाड्या दारात येत. पुरुष माणसे घमेली वर देत, आम्ही पोरे वर नाचून नाचून माती तुडवत असू, अम्मी सगळ्यांसाठी गुळाचे सरबत करून ठेवी. पन्हळी साफ होत. उजेडासाठी ठेवलेल्या साण्यांवर पालथी घालायची घमेली मोजून ठेवली जात. माती अब्बांची, मेहनत सगळ्यांची. अब्बांचे एक ठरलेले वाक्य होते: "ऊपर का पानी मालिक का, नीचे का पानी किरायेदार का." म्हणजे छपरातून येणारे पाणी ही मालकाची जबाबदारी आणि मोरीत तुंबलेले पाणी ही राहणाऱ्याची. अब्बांनी कायदा वाचलेला नव्हता, फिक्हची किताबही नाही. सातवीपर्यंत शिकलेला माणूस. त्यांच्या या वाक्याचा मूळ धागा मला फार उशिरा सापडला, तो पुढे सांगतो.

आधी हिशेब. आठ खोल्यांचे मिळून महिन्याचे भाडे ४१० रुपये. सगळ्यांत कमी भाडे कोपऱ्यातल्या खोलीचे, ४५ रुपये. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजीचे भाडे हेच प्रमाण भाडे धरले होते आणि त्यानंतर पहिल्यांदा दिलेल्या जागेला पहिल्यांदा ठरलेले भाडे. महागाईच्या काळात माणसे रस्त्यावर येऊ नयेत म्हणून केलेला तो कायदा होता. हेतू चांगलाच होता. पण काळ पुढे गेला आणि भाडे तिथेच उभे राहिले. १९९७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानेच म्हटले की भाडी अशी गोठवून ठेवणे आता अवाजवी झाले आहे. मग ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ अमलात आला आणि मालकाला दर वर्षी ४ टक्के वाढीची मुभा मिळाली. ४५ रुपयांवर ४ टक्के म्हणजे १ रुपया ८० पैसे. त्या ४१० रुपयांतून घरपट्टी जायची, फुफीचा हिस्सा जायचा (आमच्यात पुष्कळ घरांत शरियतचे नाव मोठ्याने घेतात आणि बहिणीच्या हिश्श्याची गोष्ट आली की गप्प होतात, अब्बा तसे नव्हते), आणि वर माती, गाडीभाडे, तुळई कुजली तर सुतार. अब्बांच्या शेवटच्या दहा वर्षांत वाडा स्वतःचे पोट स्वतः भरत नव्हता. ते खिशातून घालत होते.

१९९७ च्या मे महिन्यात मी माती टाकली नाही. त्या वर्षी धाकट्या बहिणीचा निकाह होता, हातात खरोखरच पैसा नव्हता. त्या वर्षाबद्दल मी स्वतःला दोष देत नाही.

त्याच वर्षी एक गृहस्थ भेटले. प्लॉटचा धंदा करणारे, जुम्याला एकाच सफमध्ये उभे राहणारे, बोलायला गोड. म्हणाले, "सर, कशाला माती टाकता? दोन पावसाळे थांबा. तुम्ही काहीच करायचं नाही. नोटीस नको, वकील नको, भांडण नको. छप्पर आपलं काम करतं." मी हसून विषय बदलला. नाही म्हटले नाही. १९९८ च्या मेमध्ये मातीवाला गाडीवान आपण होऊन दारात आला. अब्बांच्या काळापासूनचा माणूस. "मालक, यंदा किती गाड्या?" त्या वर्षी माझ्याकडे पैसे होते. पाचवा वेतन आयोग लागू होण्याची चर्चा स्टाफरूममध्ये रोज चालू होती. मी म्हणालो, "यंदा नको."

एवढेच दोन शब्द. या लेखात मी ज्याचा विचार करतो आहे ते सगळे त्या दोन शब्दांत आहे.

कोपऱ्यातल्या खोलीत एक विधवा बाई राहायची. सगळे तिला अक्का म्हणत. नवरा गिरणी बंद पडल्यावर गेला. ती विड्या वळायची. तेंदूपाने भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळायची, कातरीने कापायची, मांडीवर सूप घेऊन सकाळपासून रात्रीपर्यंत वळत बसायची. ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगायला हवे की विडीच्या पानाला ओल लागते, पण वळलेल्या विडीला ती चालत नाही. बुरसलेली विडी कारखान्यात छाटमध्ये जाते आणि छाट विडीची मजुरी मिळत नाही. म्हणजे आमच्या माळवदातून अक्काच्या खोलीत गळणारा एकेक थेंब तिच्या मजुरीतून वजा होत होता. तिने एकदाही तक्रार केली नाही. ऑगस्टमध्ये स्वतःच्या पैशाने ३८० रुपयांची ताडपत्री आणली आणि शेजारच्या पोराकरवी वर टाकून घेतली. मी ती ताडपत्री पाहिली. वर चार विटा ठेवल्या होत्या.

सप्टेंबरच्या एका रात्री, दोनच्या सुमाराला, वाड्यातला एक मुलगा मला उठवायला आला. (आम्ही दोन गल्ल्या सोडून राहतो.) "सर, अक्काची भिंत पडली." जाताना रस्त्यात माझ्या मनात जो पहिला विचार आला तो मी आजवर माझ्या बायकोलाही सांगितलेला नाही. आता अक्का जाईल, हा तो विचार. अक्का जिवंत आहे का, हा दुसरा. दोन्हींमध्ये फार तर पाच पावलांचे अंतर असेल, पण क्रम हाच होता.

अक्का जिवंत होती. गळते म्हणून शेजारणीच्या खोलीत झोपायला गेली होती. भिंत तिच्या रिकाम्या अंथरुणावर पडली होती. मातीखालून तिचे सूप काढले तेव्हा त्याच्या कडा दुमडल्या होत्या. पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला ती भाडेपुस्तक आणि ४५ रुपये घेऊन माझ्या दारात आली. "सर, भाडं." मी पुस्तक घेतले आणि नेहमीप्रमाणे लिहिले: सप्टेंबरचे भाडे मिळाले. तीन भिंतींच्या खोलीचे भाडे घेऊन मी खाली सही केली.

जुल्म म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे उगारलेला हात येतो. सामान बाहेर फेकणारा, नळ तोडणारा, गुंड आणणारा मालक येतो. असे मालक आहेत, आणि कायदा त्यांना ओळखतो. पाणी, वीज तोडणे १९९९ च्या कायद्याप्रमाणेही गुन्हा आहे. पण मी तर काहीच केले नव्हते. माझे घर, माझे छप्पर, माझी माती, टाकली नाही. न टाकलेल्या मातीचा पंचनामा कोण करणार? पाऊस अल्लाहचा, माती जुनी, भिंत आजोबांच्या काळची. या युक्तिवादात कायद्याच्या दृष्टीनेही फारसे काही सापडले नसते. नेमकी हीच गोष्ट मला बेचैन करीत राहिली. काहीच न करणे हे जर मी कशासाठी तरी करीत असेन, तर ते न करणे कसे राहिले?

एका आलिमांना विचारले. त्यांनी शांतपणे सांगितले की हनफी मतानुसार घराची डागडुजी मालकाकडे असते, पण स्वतःच्या मिळकतीची दुरुस्ती करायला त्याला जबरदस्ती करता येत नाही. मालकाने ती केली नाही तर भाडेकरूला घर सोडून जाण्याचा हक्क आहे. खरे सांगतो, ऐकताना बरे वाटले. सुटलो असे वाटले.

पुढे काही वर्षांनी 'मजल्ला' वाचायला मिळाला. उस्मानी तुर्कांच्या राज्यात १८६९ ते १८७६ या काळात हनफी फिक्हचे व्यवहारविषयक नियम कलमवार मांडून ही संहिता तयार झाली. तिच्या ५२९ व्या कलमात आलिमांनी सांगितलेलेच आहे: घराची दुरुस्ती, पाण्याच्या वाटा, राहण्यात अडथळा आणणारे जे जे बांधकामाशी निगडित आहे ते सगळे मालकावर, त्याने नाकारले तर भाडेकरू निघून जाऊ शकतो. फक्त एक अट आहे. घर घेतानाच ते तसे होते आणि भाडेकरूने ते पाहून घेतले असेल, तर त्याने तो दोष पत्करला असे धरायचे. आणि ५३० व्या कलमाशी मी थबकलो. मालकाच्या परवानगीने भाडेकरूने केलेली दुरुस्ती घराच्या रक्षणासाठी असेल तर तिचा खर्च मालकाने द्यायचा, आधी तसे ठरले नसले तरीही; आणि उदाहरण कशाचे, तर छपरावरच्या कौलांचे. दुरुस्ती फक्त राहणाऱ्याच्या सोयीची, स्वयंपाकघराची वगैरे असेल, तर ठरल्याशिवाय खर्च मागता येत नाही. ऊपर का पानी, नीचे का पानी. सातवी शिकलेल्या अब्बांचे वाक्य तुर्कस्तानातल्या कायदेपंडितांनी शंभर वर्षे आधी लिहून ठेवले होते. का ते अब्बांपर्यंत कुठल्या वाटेने आले होते, कोण जाणे.

आपल्या १९९९ च्या कायद्याचेही धोरण जवळपास असेच आहे. जागा राहण्याजोगी ठेवणे मालकाचे कर्तव्य. त्याने टाळले तर भाडेकरूने पंधरा दिवसांची नोटीस द्यावी, स्वतः दुरुस्ती करावी आणि खर्च भाड्यातून कापावा. मात्र एका वर्षात वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त नाही. अक्काच्या खोलीचे वर्षाचे भाडे ५४० रुपये. चौथा हिस्सा १३५. त्या हिशेबाने ३८० रुपयांची ताडपत्री वसूल व्हायला तिला तिसरे वर्ष उजाडले असते, भिंतीची तर गोष्टच सोडा. गोठलेल्या भाड्याने मालकाचा हात बांधला हे आम्ही मालक लोक नेहमी बोलतो. त्याच गोठलेल्या भाड्याने भाडेकरूचा हा हक्कही फुकट गेला, हे कोणी बोलत नाही.

पण मला जास्त छळले ते दुसऱ्याच शब्दाने: निघून जाऊ शकतो. फिक्हच्या विद्वानांनी मालकावर जबरदस्ती केली नाही, कारण त्यांच्या डोळ्यांपुढे दोन मोकळी माणसे होती. हे घर गळते, मी पलीकडचे घेतो, असे म्हणू शकणारा भाडेकरू आणि रिकाम्या घराच्या भीतीने आपण होऊन छप्पर शाकारणारा मालक. त्या दोघांत न्याय आपोआप साधतो. पण पलीकडे घरच नसेल तर? अक्काला ४५ रुपयांत काय, ४५० रुपयांतही शहरात खोली मिळाली नसती. मग तिला दिलेला सोडून जाण्याचा हक्क तिच्या उपयोगाचा नव्हता, माझ्या उपयोगाचा होता. मी वाट पाहत होतो ती तिने तो हक्क बजावण्याचीच.

हे मला तर्काने समजले असे म्हणणार नाही. ते मला माझ्या मुलाने शिकवले. २००९ साली तो नोकरीसाठी पुण्याला गेला. पहिल्या दोन महिन्यांत अकरा घरे पाहिली. फोनवर घर रिकामे असे. नाव सांगितले की कोणा नातेवाइकाला द्यायचे ठरलेले असे. आपल्या वाचकांना हे समजावून सांगायला नको. बाराव्या ठिकाणी मिळाले. मालक आपल्यातलेच. करार अकरा महिन्यांचा, भाडे चांगले दणदणीत. पहिल्या पावसात बेडरूमच्या भिंतीवर पाणी उतरले. मुलाने सांगितल्यावर मालक म्हणाले, "पसंत नसेल तर सोडा. रांग आहे." तेही फिक्हप्रमाणे बरोबरच बोलत होते. आणि घर घेताना भिंतीवरचा ओलीचा डाग मुलाने पाहिला होता, म्हणजे दोष पत्करलाही होता. अकरा दारांवरून परतलेल्या माणसाने बाराव्या दारात डाग पत्करला, तर त्याला पत्करणे म्हणायचे का? त्या रात्री मुलाशी फोनवर बोलताना मी त्या मालकाला खूप नावे ठेवली. फोन ठेवल्यावर ताडपत्रीवरच्या चार विटा आठवल्या. मालकावर दुरुस्तीची जबाबदारी किती, हे त्याच्या भाड्यावरून ठरते असे मी समजत होतो. आता वाटते, समोरच्याला जायला किती दारे उघडी आहेत यावरून ते ठरते. जितकी दारे बंद, तितके छप्पर मालकाचे.

जुम्याला सूरह कहफ पढण्याची आमच्या घरी रीत आहे. त्यातली भिंतीची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. हजरत मूसा आणि ज्यांना आपण खिज्र म्हणतो ते, दोघे एका वस्तीत जातात. वस्ती त्यांना जेवू घालत नाही. तिथे एक भिंत कोसळायला आलेली असते. खिज्र ती उभी करतात. मूसांना नवल वाटते: या लोकांकडून निदान मजुरी तरी घ्यायची. नंतर उलगडा होतो की भिंतीखाली दोन यतीम मुलांचा खजिना होता. मुले मोठी होईपर्यंत तो झाकलेला राहावा म्हणून भिंत उभी राहायला हवी होती. ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकली, पण भिंत पडल्यावर ती मला वेगळीच दिसू लागली. खिज्रांना ती भिंत पडल्याने काही मिळणार नव्हते. आमच्या शहरांत मात्र जुन्या भिंतीखाली जो खजिना आहे तो भिंत पडल्यावरच हाती लागतो. जागेचा भाव, चटईक्षेत्र, खाली दुकाने, वर फ्लॅट. वाडा उभा असेपर्यंत त्याची किंमत महिन्याला ४१० रुपये. पडला की पुढे शून्ये वाढत जातात. अशा वेळी मालकाने पडत्या भिंतीला हात लावणे म्हणजे स्वतःच्या खजिन्यावर माती लोटणे. कोणत्याही मालकाला हे जड जाणारच. मला गेले. भेंडीबाजारातली हुसैनी इमारत ३१ ऑगस्ट २०१७ रोजी कोसळली आणि ३३ माणसे गेली, ती बातमी टीव्हीवर पाहताना आमच्या घरात कोणी बोलले नाही. तिथला दोष कोणाचा हे इथे बसून ठरवण्याचा मला अधिकार नाही. मी फक्त रिकाम्या अंथरुणाचा विचार करीत होतो.

मालकांची बाजू मांडल्याशिवाय पुढे जाणे बेइमानी होईल. लहान मालक म्हणजे सिनेमातला जमीनदार नव्हे. आमच्या ओळखीच्या एक आपा आहेत, बेवा, तीन खोल्यांच्या भाड्यावर जगणाऱ्या. त्यांच्या खोल्यांतले दोन भाडेकरू त्यांच्याहून सुखी आहेत. आमच्याच वाड्यात एका बिऱ्हाडाने जुळे सोलापूरला बंगला बांधला आणि आमच्या खोलीला कुलूप लावून ठेवले. मृगाच्या आधी मात्र त्यांचा निरोप यायचा की आमच्या खोलीवर माती टाकायला विसरू नका. दावा लावला असता तर वर्षानुवर्षे तारखा. ज्याचे सगळे दरवाजे उघडे आहेत त्याच्या छपराची चिंता मी अक्काच्या छपराइतकीच करायची का? कायदा म्हणतो, हो. माझे मन म्हणते, नाही. त्या खोलीवर मी पुष्कळ वर्षे फक्त भेगा बुजवल्या आणि त्याचे मला आजही वाईट वाटत नाही.

अक्काची भिंत मी बांधली. लिहिताना एक वाक्य झाले. प्रत्यक्षात त्यात भविष्य निर्वाह निधीतून काढलेले पैसे गेले आणि तीन महिने गेले. तोवर ती मुलीकडे राहिली. त्या तीन महिन्यांचे भाडे मी घेतले नाही, ती देत होती तरी. पडलेली भिंत विटांची केली. प्रश्न छपराचा आला. तुळया वाळवीने पोखरलेल्या. नवे माळवद करायचे तर तसे लाकूड परवडेना आणि किलचा बसवणारा कारागीर शोधून मिळेना. स्लॅब टाकायचा तर तिन्ही बाजूंच्या मातीच्या भिंती ते वजन पेलणार नाहीत; खांब उभे करायचे म्हणजे वाडाच नवा करायचा. उरला पत्रा. पत्रा स्वस्त, दोन दिवसांत होतो, गळत नाही. मी पत्रा टाकला आणि फार मोठे काम केल्यासारखा घरी आलो. एप्रिलमध्ये सहज गेलो तर दुपारी अक्का अंगणात नळाजवळच्या सावलीत बसून विड्या वळत होती. "आत बसवत नाही, सर," एवढेच म्हणाली. दुरुस्ती करताना मी पावसाचा विचार केला होता, कारण पावसात माझी चूक दिसत होती. उन्हाचा विचार केला नव्हता. पुढे पत्र्याखाली लाकडी फळ्यांचे छत मारून घेतले, त्याने थोडा फरक पडला. थोडाच.

आणखी एक चूक कबूल करतो, कदाचित कोणाच्या उपयोगी पडेल. वाड्याच्या दर्शनी मातीच्या भिंतीला मी हौसेने सिमेंटचा गिलावा करून रंग दिला. गल्लीतल्या लोकांनी तारीफ केली. मातीची भिंत ओल आत घेते आणि बाहेर सोडते. सिमेंटने तिचे बाहेर सोडणे बंद केले. चार वर्षांत भिंतीचा पाया आतून फुगला, गिलाव्याचे पापुद्रे माती घेऊन गळू लागले. माती आणि चुना वापरला असता तर भिंत टिकली असती, पण ते काम करणारा म्हातारा गवंडी मला दिसायला मागासलेला वाटला होता.

२००३ साली वाड्यातली एक खोली रिकामी झाली. तीत मी फरशी बसवली, आत संडास केला, मोरीला टाइल्स लावल्या आणि अकरा महिन्यांच्या कराराने दवाखान्यात काम करणाऱ्या एका नर्सताईंना दिली. भाडे अक्काच्या खोलीच्या वीसपट. त्यांच्या नळाची चकती गेली तर मी त्याच संध्याकाळी प्लंबर पाठवत असे. अक्काच्या पन्हळीबद्दल निरोप आला तर "रविवारी बघतो" म्हणत असे. दोघींना मी एकाच अंगणात, एकाच वेळी भेटत होतो आणि मला यात काही वावगे दिसत नव्हते. जास्त पैसे देणाऱ्याला फरशी मिळावी, टाइल्स मिळाव्यात, हे मला आजही मान्य आहे. पण छप्पर गळू नये, भिंत अंगावर पडू नये, हे फरशीच्या हिशेबात कसे धरायचे? हुकूक-उल-इबादची गोष्ट आपण तकरीरीत फार ऐकतो. अल्लाहचे हक्क अल्लाह माफ करील, माणसाचे हक्क ज्याचे त्याच्याकडूनच माफ करून घ्यावे लागतात. अक्काकडे मी माफी मागितली का? नाही. धीर झाला नाही. ती मात्र एक दिवस आपण होऊन म्हणाली, "सर, भाडं शंभर करा. चांगलं नाही वाटत." मी केले. त्या वेळी बोलायला हवे होते. मी पावतीपुस्तक उघडले आणि आकडा बदलला.

२००६ साली कुंभारीला विडी कामगार बायांसाठी दहा हजार घरे झाली, गोदूताई परुळेकरांच्या नावाची वसाहत. वाड्यातल्या दोन बाया तिकडे गेल्या. अक्काच्या मुलीलाही घर मिळाले. अक्का गेली नाही. तिच्या कारखान्याची पाने आणायची जागा इथून चालत जाण्याजोगी होती. ज्या रात्री भिंत पडली तेव्हा मी जी इच्छा केली होती ती आठ वर्षांनी अशी पूर्ण व्हायला आली होती, कोणी न मरता, आणि मला त्या दोन रिकाम्या खोल्यांकडे पाहून आनंद झाला नाही. २०१७ साली अक्का गेली. तिची सून आणि नातू आता त्या खोलीत आहेत. भाडे तीनशे.

गेल्या वर्षीच्या मेमध्ये पावसाळ्यापूर्वीची नोटीस पुन्हा वाड्याच्या दारावर चिकटली: इमारत धोकादायक, दुरुस्ती करा अथवा उतरवा. दर वर्षी येते. या वेळी इंजिनिअरला आणून दाखवले. दुरुस्तीने आणखी किती वर्षे ओढाल, असे त्याने विचारले. वाडा पाडून बांधायला दोन जण तयार आहेत. मी एकच अट घातली आहे, जुन्या पाच बिऱ्हाडांच्या खोल्या आधी कागदावर यायच्या, मग बाकीचे. चाचांची मुले म्हणतात, भाईजान, तुम्ही सगळ्यांच्या वाट्याची खैरात एकट्याने करताय. त्यांचेही चुकत नाही. वाडा माझ्या एकट्याचा नाही. दोघांनी सही केली आहे, एकाची बाकी आहे.

मी हे सगळे अक्काच्या सुनेला समजावून सांगितले. खोली मिळेल, स्लॅबची मिळेल, आत संडास असेल. तिने नीट ऐकून घेतले. मग विचारले, "सर, मधली दोन वर्षं आम्ही कुठं राहायचं?"

कागदात मी ते लिहिले नव्हते. त्या रविवारी आम्ही पाचही खोल्यांची छपरे पाहिली. तिचा मुलगा माझ्याबरोबर वर आला होता. पत्र्याचे सात हूक ढिले निघाले. नवे आणून बसवले. ज्या दोन खोल्यांवर अजून माळवद आहे, तिथे चार टोपल्या पांढरी माती लागली. गाडीवानाचा नातू टेम्पोतून घेऊन आला.